जब्बारमिस्त्री वर्गात बसतात

पांढरकवड्यात हायवेला लागून जब्बारमिस्त्रींचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. त्यांची नसरीन बारावीला तालुक्यात पहिली आली आणि पुण्याकडच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. तिथे ना डॉक्टर होता येत, ना इंजिनीअर. आठवड्याला दोन जाड पुस्तकं वाचायची आणि वर्गात वाद घालायचा.

"भांडायले पुण्याले कायले जायचं? घरी काय कमी भांडतं का तू?" मिस्त्री म्हणाले.

नसरीनचंही मन धजेना. शेवटी कॉलेजनेच कळवलं, एक दिवस वर्गात बसून पाहा, मग ठरवा. बापलेक निघाले.

पंधरा पोरं गोल करून बसली होती. मिस्त्रींना मागे खुर्ची मिळाली. मॅडमनी इंग्रजीत प्रश्न टाकला, एखाद्या वस्तूचे सगळे भाग बदलले तर ती वस्तू तीच राहते का? नसरीनने कानात अर्थ सांगायचा अवकाश, मिस्त्रींचा हात वर.

"मॅडम, ह्यात कायचा वाद? इंजिन बदला, गिअरबॉक्स बदला, केबिन बदला. खालच्या सांगाड्यावरचा चासी नंबर तोच, तं ट्रक तोच!"

"आणि नंबरच खोडून दुसरा टाकला तर?" मॅडमनी मराठीतच विचारलं.

"मंग तो चोरीचा ट्रक!"

"चोरीला गेला तोच ना हा? म्हणजे नंबर बदलूनही ट्रक तोच राहिला की."

तीस वर्षांत मिस्त्रींना असं कुणी जाम केलं नव्हतं. वर्ग खो खो हसला. नसरीन मात्र दोन तास वहीत काहीतरी खरडत बसली.

जेवताना तिने शेजारच्या पोरीला हळूच विचारलं, "जमतं का गं हे सगळं?"

"पहिले सहा महिने रडले मी," पोरगी म्हणाली. "रोज कुणीतरी आपली चूक दाखवतं. ते सोसत नसेल तर येऊच नको."

परतीच्या गाडीत मिस्त्री पुटपुटत होते, "पण चासीच कापली तं?" अकोला गेल्यावर नसरीनने वही काढली. वर्गात गिळलेली उत्तरं तिने तीन पानं भरून लिहिली होती.

"अब्बा, तुमचं चुकलं. मॅडमचंही चुकलं."

"माह्यं काहून चुकलं?"

वर्ध्यापर्यंत असं जुंपलं, की वरच्या बर्थवरचे काका उशी घेऊन दुसऱ्या डब्यात गेले. उतरताना नसरीन म्हणाली, "रडीन, पण तिथंच जाईन."

ती गेली. महिन्याभरात फोन आला. पहिला निबंध लाल शाईने माखून परत मिळाला होता.

"न्याले येऊ का?" मिस्त्रींनी घाबरून विचारलं.

"नका येऊ," नसरीन नाक ओढत म्हणाली. "एका जागी मॅडमनं उगीचच चूक काढली हाय. उद्या वर्गात विचारतेच त्यायले."