कोकम-सोडा

संध्याकाळी मी कोकमाचं आगळ थंड सोड्यात घालतो. वर मीठ, जिऱ्याची पूड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. बिअर सोडली तेव्हा हे पेय माझं मीच शोधून काढलं. गोडमिट्ट सरबतांनी भागत नव्हतं, घशात चरचरणारं काहीतरी हवं होतं. आता ते मनापासून आवडतं. ग्लास मात्र जुनाच आहे, बिअरचा.

काल फोन घ्यायला आत गेलो. परत येतो तर माझी लेक तो ग्लास नाकाशी धरून उभी. मला पाहताच तिने तो खाली ठेवला.

"मीठ बरोबर पडलंय का बघत होते, बाबा."

मी नुसतं "बरं" म्हटलं. चार वर्षं झाली. जिभेला नवी चव लावता येते, तेवढं मला जमलं. पण घरातल्या नाकांना मीच लावलेली सवय कशी मोडायची? लहानपणी मी दारात आलो की ही आधी वास घ्यायची आणि मग ठरवायची, जवळ यायचं की आत पळायचं.

उरलेला सोडा मी सावकाश संपवला. मीठ बरोबर होतं. मिठाला वास नसतो, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.