आम्ही समाधानी नव्हतो

आमच्या गावाबाहेरच्या सरकारी विद्यापीठाने आम्हा अकरा बायकांना फसवलं. लोकांना वाटतं, मला भावाने फसवलं. भावाने जे केलं ते माझ्या तोंडावर केलं. त्याला फसवणूक म्हणत नाहीत.

मी तंजावरात भांड्यांचा धंदा करते. सुरुवात डोक्यावर टोपली घेऊन केली: जुनं पितळ घ्यायचं, नवं स्टील द्यायचं. पुढे देवळामागे एका फळीचं दुकान, मग दोन शटरचं. कोणी हात दिला नाही. मोबदला हातात पडल्याशिवाय मी माल सोडत नसे, आणि माझ्याशी घासाघीस करून हसत गेलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

नव्वदच्या आगेमागे आमच्या राज्यात कायदा झाला, की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच वाटा. मात्र ज्यांची लग्नं कायद्याच्या आधी झाली, त्या मुलींना वगळलं होतं. माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. पापनाशमजवळची आजोबांची भाताची जमीन अजून वाटली गेली नव्हती. मी माहेरी गेले आणि धाकट्या भावाला म्हटलं, कायदा काही म्हणो, तू आपणहून दे.

"अक्का, गाडीभर भांडी घेऊन गेलीस की," तो म्हणाला. "तुझा वाटा तेव्हाच सासरी पोचला. आता शेतही गाडीत घालून नेणार?"

"भांड्यात भात शिजतो रे. उगवत नाही."

"बाजारात बसून जीभ चांगली चालायला लागली."

"बाजारात बसले म्हणून पोरं जेवली!"

वडील पंख्याखाली बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पोदुम." पुरे. कोणाला पुरे, ते त्यांनी सांगितलं नाही, पण पाहत होते माझ्याकडेच.

त्यानंतर काही दिवसांनी विद्यापीठातली एक प्राध्यापिका दुकानात कढई घ्यायला आली. घासाघीस करू लागली, आणि तिला ती अजिबात येत नव्हती. मला दया आली. मी किंमत उतरवली आणि बोलता बोलता शेताचं सांगून बसले. ती कढई खाली ठेवून स्टुलावर बसली. म्हणाली, आधी लग्न झालेल्या मुलींनाही वाटा द्यावा का, यावर सरकारला विद्यापीठाचा सल्ला हवा आहे, आणि त्यासाठी ती बायकांची म्हणणी गोळा करते आहे.

"वकील आहेत की सल्ला द्यायला," मी म्हटलं.

"वकील पक्षकाराचं बोलतो, अक्का. पुढारी मतांचं बोलतो. आमचा पगार सगळ्यांच्या करातून येतो. तुमचं आम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार?"

हे मला पटलं. मी आणखी दहा जणी जमवल्या. काही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरांतल्या, काही तमिळ, दोघी तिरुवैयारुहून बसने येणाऱ्या. सौदा मीच ठरवला: आम्ही खरं सांगू, नावं कुठे येणार नाहीत, आणि अहवाल मद्रासला जाण्याआधी आम्हाला वाचून दाखवायचा. मी हात पुढे केला, तिने त्यावर हात ठेवला. बाजारात एवढ्यावर व्यवहार पक्का होतो. आयुष्यात एकदाच मी माल आधी दिला, तो असा.

चार-पाच महिने शनिवारी दुपारी आम्ही जात होतो. लांब टेबल, खिडकीबाहेर कडुनिंब, टंबलरमध्ये तिने स्वतः ओतून दिलेली कॉफी. एकेकीचं म्हणणं ती उतरून घ्यायची आणि मोठ्याने वाचून विचारायची, "असंच म्हणालात ना?" मी काय म्हणाले ते बरोबर लिहिलं का, असं तोवर मला कोणीही विचारलं नव्हतं, वडिलांनी नाही, नवऱ्याने नाही. एक म्हातारी बाई तर हे ऐकायला मिळावं म्हणून तेच तेच पुन्हा सांगायची. त्या खोलीची मला अजून आठवण येते, माहेरची येते तशी. खरं सांगायचं तर माहेरापेक्षा जास्त.

एका शनिवारी मी माझ्या लग्नातली पितळेची घागर घेऊन गेले. लग्नात भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्यांनी कोरून घेतात. मी टेबलावर घागर ठेवली आणि म्हटलं, "वाचा. नाव वडिलांचं. वीस वर्षं पाणी मी भरते आणि घागर अजून त्यांची. ही कसली वाटणी?" प्राध्यापिकेने ते शब्दशः लिहून घेतलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी भांडीवाली. घागरीचं वजन सांगितलं, काठ वाजवून दाखवला, असं काम आता पितळेसाठी नावाजलेल्या कुंभकोणमलाही होत नाही म्हटलं. मग बाकीच्याही आपापल्या भांड्यांची फुशारकी मारू लागल्या. दुपारभर आम्ही हसलो. ते सगळंही कागदावर गेलं. फोटोही काढला.

मग बोलावणं येईना. वर्षभर वाट पाहून मी गेले. खोलीत ओळीने कॉम्प्युटर होते आणि दारावर फी भरून शिकायच्या कोर्सची पाटी. प्राध्यापिकेला दुसऱ्या गावी पाठवलं होतं.

"तो विभाग बंद झाला, अम्मा," कारकून म्हणाला. "त्याला मागणी नाही."

"मागणी नाही? मग ही तुझ्यासमोर कोण उभी आहे?"

मी इतकी ओरडले, की चार खोल्यांतली माणसं बाहेर आली. मला घालवण्यासाठीच त्याने सांगितलं, की अहवाल सरकारकडे गेला, एक प्रत ग्रंथालयात आहे. मला इंग्रजी येत नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीला घेऊन गेले. आमच्याबद्दल एकच परिच्छेद होता. तिने तो मराठीत सांगितला: या भागातल्या विवाहित मुली लग्नातल्या भांड्यांनाच आपला वाटा समजतात, त्यांचा त्यांना अभिमान आहे आणि त्या समाधानी आहेत, कायदा बदलण्याची निकड दिसत नाही. खाली माझ्या घागरीचा फोटो. वडिलांचं नाव पलीकडच्या बाजूला, फोटोत न आलेलं.

"अम्मा, तू असं म्हणालीस?" मुलीने विचारलं.

पुढे वडिलांनी हयातीतच वाटणी नोंदवली आणि स्वतःचा भागही भावाला लिहून दिला. बऱ्याच वर्षांनी दिल्लीने आमच्यासारख्यांनाही हक्क दिला, पण आधी नोंदलेल्या वाटणीला तो कायदा हात लावत नाही. त्या एका परिच्छेदामुळे माझं शेत गेलं, असं मी म्हणत नाही. तेवढी अक्कल मला आहे. पण शेत माझ्याकडे कधी नव्हतंच. माझ्याकडे फक्त माझं म्हणणं होतं, ते मी विश्वासाने दिलं आणि ते उलटं करून विकलं गेलं.

वडील आता नाहीत, भाऊ बोलत नाही. त्यांच्याकडे माझं काही मागणं नाही. विद्यापीठ आहे तिथेच आहे आणि माझ्या करावर चालतं. आज कुलगुरूंच्या खुर्चीत जे कोणी असतील त्यांनी आमचे मूळ कागद शोधावेत. आम्ही समाधानी आहोत हे कोणी लिहिलं, आमच्यापैकी कोणाला विचारून लिहिलं, आणि आम्हाला वाचून का दाखवलं नाही, ते सांगावं. अकरांपैकी सात जणी अजून हयात आहोत. तोंडी उत्तर आम्हाला चालणार नाही. लेखी द्या, आणि खाली सही करा.