मामांचा परतीचा डबा

साऱ्या देवगडात, गेलेली वस्तू परत आणण्यात माझ्या थोरल्या मामांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हापूसच्या लाकडी पेट्या मुंबईला गेल्या की लोक त्यांना विसरतात. मामा पेटीवर रंगाने ‘रिकामी परत पाठवणे’ लिहितात आणि फोन करकरून दलालाला भंडावून सोडतात. फुटक्या होडीचं शीड त्यांच्या अंगणात मांडव झालं, मांडव फाटल्यावर त्याच्या पिशव्या झाल्या, आणि त्यातली एक मला वाढदिवसाला मिळाली. शेजाऱ्याचा डबा मात्र ते कधी रिकामा परत करत नाहीत. दुसरं काही नसलं तर मूठभर कोकमाची सोलं तरी घालतात.

त्यांची मुलगी सायली बंगळूरला एका कंपनीत, अवकाशात जाऊन परत येणाऱ्या कुपीचं कवच बनवते. हे कळल्यापासून मामांनी आम्हा सगळ्यांना शहाणं करून सोडलं. हवेत घुसताना कुपी आगीसारखी तापते, बाहेरचं कवच करपतं आणि आतलं सुखरूप राहतं, हे ते केळीच्या पानात बांगडा गुंडाळून, निखाऱ्यावर ठेवून समजावत. मी एकदा म्हटलं, “मामा, पण बांगडा भाजून निघतो की.” त्या दिवशी मला बांगडा मिळाला नाही.

कुपी उतरायची त्या सकाळी मामांनी थेट प्रक्षेपण लावून फोन नारळाला टेकवून ठेवला. कुपी हवेत शिरली आणि संपर्क तुटला. तो तुटतोच, हे मामांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. तरी घामाघूम झाले बिचारे. पोरीने खपून केलेलं कवच वर जळत होतं आणि मामा अंगणातून समुद्राकडे टक लावून उभे होते. वास्तविक कुपी पडायची होती भलत्याच समुद्रात. मग फोनवर कुपीच्या हवाई छत्र्या उघडलेल्या दिसल्या. मामी रडायलाच लागली. मामांनी डोळे पुसून विचारलं, “आता परत कधी धाडतले?”

उत्तर संध्याकाळी सायलीनेच दिलं. तीच कुपी नीट करून लवकर पुन्हा पाठवायची होती, त्यामुळे यंदा आंब्यांना येणं जमणार नव्हतं. जन्मभर ज्याचा आग्रह धरला तेच अंगावर आलं. “बरां, काम कर,” मामा म्हणाले आणि फोन मामीकडे दिला.

काही दिवसांनी सायलीचं कुरियर आलं. मामीने लाडू भरून पाठवलेला डबा परत आला होता, आणि आत चाचणीत करपलेला कवचाचा एक तुकडा होता. मामांनी तो साऱ्या वाडीला दाखवला, हुंगायलाही दिला. “बघ, डबो रिकामो इलो नाय,” ते मला म्हणाले. मग स्वतः डबा धुऊन पुसला आणि मामीकडून पुन्हा लाडू भरून घेतले. मी निघायला उठलो तेव्हा लेकीचं नाव न घेता हळूच म्हणाले, “डबो येता, कुपी येता. चेडवाक तेवढो टायम नाय रे.”

मामांनी लाडवांवर एक पिकलेला हापूस ठेवला. झाकण काही बसेना. पण आंबा काढायचं त्यांनी नाव घेतलं नाही. पेटीची जपून ठेवलेली सुतळी आणली आणि डबा तसाच बांधून सायलीला पाठवायला माझ्या हातात दिला.