ऑनलाइन शिकलेल्या बाई

नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी मी मयूर विहारहून मेट्रोने गुरुग्रामला निघाले होते. मंगळसूत्राची एक कडी सैल झाली होती, म्हणून माझा हात सारखा गळ्याशी जात होता. शेजारच्या बाईंनी ते हेरलं.

"वाट्या बघूनच ओळखलं, मराठी ना? द्या इकडे. मी ज्वेलरी करते. ऑनलाइन शिकलेय सगळं."

दिल्लीत कोणी मराठी बोललं की माझा लगेच विश्वास बसतो. मी मंगळसूत्र काढून दिलं.

बाईंच्या पर्समधून नाजूक पकड निघाली, मोबाईल निघाला आणि तो उभा करायला स्टँडही निघाला. त्यांचे स्वतःचे कान मात्र मोकळे होते. त्या मोबाईलवर शिकवणीचा व्हिडिओ लावून मध्येमध्ये थांबवायच्या, माझे काळे मणी मांडीवरच्या रुमालावर ओघळू द्यायच्या आणि मध्येच फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या. सगळं मंगळसूत्र सुटं झालं, तेव्हा त्यांचं स्टेशन आलं.

रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "अवघड भाग झाला. पुढचं सोपं आहे यार. नंबर सांगा, व्हिडिओची लिंक पाठवते."

साखरपुड्यात सासूबाई माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या आणि मी पदर ओढत राहिले. तिथेच लिंक आली. ती मेट्रोतल्या बाईंच्या ग्रुपची होती. रुमालावर पसरलेल्या माझ्या मण्यांचा फोटो होता आणि वर लिहिलं होतं, 'आजचं काम'. खाली बायकांनी भरभरून कौतुक केलं होतं. एकीने विचारलं होतं, "ताई, क्लास घेता का?"

बाईंनी उत्तर दिलं होतं, "बिल्कुल. सोमवारपासून."