देवदूताचा झिजलेला पाय

काल टोपी बाजारात कुणी दाराला जवसाचं तेल लावत होतं. त्या वासासरशी मला मुरारचं जुनं चर्च आठवलं. तिथली कोरीव लाकडी वेदी दुरुस्त करायला मी आणि माझे यजमान गेलो होतो. वेदीवरच्या देवदूताचा एक पाय हात लागून लागून झिजला होता. यजमान तो नव्याने घडवणार, एवढ्यात मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "भैया, इसे रहने दो. मेरा बेटा लड़ाई से नहीं लौटा, तब से यहीं हाथ रखती हूँ."

यजमानांनी पटाशी खाली ठेवली. पायावरून हात फिरवत ते मला हळूच म्हणाले, "अगं, लाकूड कोमट लागतंय."

मी हात लावला. मला ते गारच लागलं, म्हणून मी लगेच काढून घेतला. पाय आम्ही तसाच ठेवला.

आता यजमान गेल्यावर वाटतं, हात आणखी थोडा वेळ तिथेच ठेवायला हवा होता.