टर्नर आजोबांचा बाळंतविडा

"उसवू या. लोकर कुठे पळून जात नाही."

हे म्हणताना आजोबांचा चेहरा खुलायचा. केलेलं काम फुकट गेलं की माणसं हिरमुसतात. आजोबा मात्र सुई बाजूला काढत, धाग्याचं टोक चिमटीत धरत आणि सरसर ओढत. तासाभराची मेहनत नागमोडी होऊन मांडीवर पडे, आणि ते तिच्याकडे समाधानानं बघत राहत. वाईट नाही वाटत का, असं मी एकदा विचारलंच.

"सेक्रेटरीबाई," ते म्हणाले, "चाळीस वर्षं लेथवर काढली. लोखंड एकदा जास्त कापलं गेलं की संपलं. भंगार. ही लोकर बघा, कितीही वेळा चुका, माल तेवढाच राहतो. हे मला कुणी आधी सांगितलंच नाही."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आमच्या इंदिरानगरातल्या तीन मजली सोसायटीत मी सेक्रेटरी आहे, ते तळमजल्यावर राहायचे. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते: टाकी कधी धुतली, गच्चीची किल्ली कुणाकडे, कुणाच्या गॅलरीतून कुणाच्या गॅलरीत पाणी पडतं. तुमच्याही सोसायटीत अशी एक बाई असेल आणि तुम्ही तिला टाळतही असाल. आजोबांनी मला कधी टाळलं नाही. आम्हा दोघांनाही मोजलेलं आवडायचं.

ते सातपूरच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या खिशात पेन असतं, त्यांच्या खिशात व्हर्नियर असायचा, जाडी मोजायचा. सोसायटीसाठी नव्या पत्रपेट्या आणल्या तेव्हा सगळे रंगाचं कौतुक करत होते. आजोबांनी फटीला व्हर्नियर लावला, मग पेटीच्या दाराला लावला आणि म्हणाले, "पत्र आत जाईल. बाहेर निघणार नाही." तसंच झालं. पहिल्याच आठवड्यात माझं विजेचं बिल आत अडकलं.

विणकाम हा आजींचा प्रांत होता. सोसायटीत बाळ यायचं म्हटलं की आजींच्या सुया सुरू होत. माझ्या मुलाचं पहिलं टोपरं त्यांनीच विणलेलं. आणि आपल्या नातीचा बाळंतविडा, म्हणजे बारशाला माहेरून जायचे बाळाचे सगळे कपडे, त्या स्वतःच्या हातानं करणार हे तर ती नात शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं. नातीचे आईवडील नोकरीसाठी परदेशात, त्यामुळे ती आजीआजोबांकडेच वाढली. तिचं लग्न सिन्नरकडच्या शेतकरी घरात झालं, दोन वर्षांनी गोड बातमी आली, आणि आजींनी त्याच दिवशी पिवळी लोकर आणली. मुलगा होवो की मुलगी, पिवळा चालतो.

स्वेटरची पाठ निम्मी विणून झाली होती, तेव्हा आजींना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय हळूहळू सुधारला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आजींनी तो पलंगाखाली टाकला. बोलणं शाबूत असूनही त्या बोलेनाशा झाल्या. "माझा हात गेला, आता मी कशाला हवी," एवढं एकदा म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. सुयांची पिशवी कुणालातरी देऊन टाका, असंही सांगून झालं. ती पिशवी आजोबांनी कुणाला दिली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

ऑक्टोबरात गच्चीच्या दुरुस्तीच्या कागदावर सही घ्यायला मी खाली गेले. बेल दाबली, तर आत धावपळ. बऱ्याच वेळानं दार उघडलं. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातून एक पिवळा धागा लोंबत होता आणि तो सरळ सोफ्यावरच्या उशीखाली गेला होता.

"मांजर शिरलं होतं," ते म्हणाले.

"आपल्या सोसायटीत मांजर नाही. असतं तर माझ्या वहीत असतं."

आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला. "सांगा की खरं. विणताय म्हणून सांगा. कालपासून गोणपाट विणताय."

तीन महिन्यांत त्यांचं पहिलं पुरं वाक्य मी ऐकलं. आजोबांच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचं दुःख होतं, पण ते आजींच्या दाराकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

लहानपणी आमच्या घरी माझे स्वतःचे आजोबा सकाळी कामावर निघण्याआधी दहा सुयांत दोरा ओवून गादीच्या कडेला टोचून ठेवत, कारण आजीला जवळचं दिसायचं नाही. दिवसभर ती एकेक सुई उपटून शिवत बसे. त्याबद्दल दोघं कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी उशीखालच्या सुया बघून मला ती गादीची कड आठवली. मी सही घेतली आणि विचारलं, "काय काय करायचं राहिलंय? लिहून घेते."

यादी अशी झाली: पाठ निम्मी, पुढचा भाग, दोन बाह्या, टोपरं, मोजे. दुपटी आणि झबली मी शिवून आणायची. कुणाला सांगायचं नाही, ही आजोबांची अट. कारखान्यातले जुने मित्र रविवारी बागेत भेटत. त्यांना कळलं तर जन्माचं चिडवतील, अशी त्यांना भीती होती.

मग शिकवणी सुरू झाली. आजोबा सोफ्यावर, आजी पलंगावर, मधलं दार उघडं. आजींना दिसत नसे, पण सुयांचा आवाज ऐकून त्या ओरडत.

"सुलट टाक्याला इतका वेळ लागत नाही. काय करताय?"

"बघतोय."

"बघू नका, विणा."

आठवड्याभरात आजींनी आपली खुर्ची बाहेर आणवली, कारण तिथून चुका नीट दिसत. पंधरवड्यात लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवर आला. आजोबांची वीण घट्ट होई, म्हणून आजींनी धागा आपल्या उजव्या हाताच्या बोटांतून सोडायचा, म्हणजे तो ओढला जाणार नाही, अशी युक्ती निघाली. ती युक्ती कुणाची होती ते मी विचारलं नाही. रबरी चेंडू पलंगाखालीच राहिला, आणि बोटं मात्र रोज चार तास उघडत-मिटत राहिली.

आजोबांनी स्वेटरचं ड्रॉइंग काढलं होतं, आलेखाच्या कागदावर, समोरून आणि बाजूनं, मापांसकट. पुढचा भाग त्याप्रमाणे तंतोतंत उतरला. तो पाठीला जोडून बघितला, तर आजी बराच वेळ गळ्याकडे बघत राहिल्या.

"हा गळा कशावरून काढला?"

"माझं अंग आणि माझी मान मोजली. त्या प्रमाणात लहान केलं."

"आणि डोकं कुठून घालणार?"

आजोबांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

"नारळ आणा," आजी म्हणाल्या. नारळ आणला. तो गळ्यात निम्मा गेला आणि रुतून बसला. पिवळी कॉलर घातलेला, शेंडीवाला नारळ टेबलावर उभा राहिला. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं केवढं मोठं असतं, हे चाळीस वर्षं हजारो सुटे भाग जुळवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही यादीत 'डोकं' नव्हतं, आणि मी एका मुलाची आई आहे. आजी हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आजोबा नारळ हातात धरून उभे होते आणि त्यांना तो काढायची काही घाई दिसत नव्हती.

गळा उसवला. एका खांद्यावर बटणपट्टी ठेवायचं ठरलं. बटणं आजोबांनी अंबडला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये सागवानाची स्वतः कातून आणली. मी प्रत्येक बटण ओढून पाहिलं. हललं नाही.

भांडण झालं ते पाठीवरून. पाठीच्या मध्यावर आजींचा हात संपून आजोबांचा सुरू झाला होता, आणि ती ओळ दिसत होती. खाली वीण मऊ आणि सैल, वर दाट. सुलट बाजूनं कमी कळे, उलट बाजूनं सरळ रेघ.

"सगळी पाठ उसवा," आजी म्हणाल्या. "माझीसुद्धा. तुमच्या एकट्याच्या हातानं होऊ द्या, एकसारखी. सासरच्या बायका पहिली उलटी बाजू बघतात."

मी मनातल्या मनात हिशेब केला. चार दिवसांचं काम, दिवस भरायला तीन आठवडे होते. मी आजींच्या बाजूनं बोलले.

आजोबांनी पाठ उचलून आपल्याजवळ घेतली. "ही नाही उसवायची."

"का? लोकर कुठे पळून जाते?" आजींनी टोमणा मारला.

"वरचं म्हणशील तितक्यांदा उसवतो," ते म्हणाले. "खालचं लोखंड आहे."

आजींनी गुंडा पुन्हा मांडीवर ओढला. मीही वही मिटली.

आणि दुसऱ्याच दिवशी नातीला दवाखान्यात न्यावं लागलं. तीन आठवडे आधीच मुलगी झाली, बारीक पण ठणठणीत. बारसं बाराव्या दिवशी, आणि दोन्ही बाह्या व्हायच्या होत्या. मी वेळापत्रक करून त्यांच्या फ्रिजवर लावलं. सोसायटीतल्या बायकांना तोवर सुगावा लागला होताच. एक बाही आम्ही विणून देतो, म्हणून दोघी आल्या.

"दोन हात झालेत या स्वेटरला," आजोबा म्हणाले. "तिसरा नको."

अकराव्या दिवशी दुपारी तीनला शेवटचा टाका बंद झाला. मी वेळ लिहून ठेवली आहे.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. डिसेंबरची थंडी, बायका शाली सावरत होत्या. टेबलावर बाळंतविडा मांडला होता. आजींनी स्वेटर सगळ्या दुपट्यांच्या खाली ठेवलेला मी पाहिला. मी तो वर काढणार होते, पण त्यांनी मान हलवली. आजोबा लांब पुरुषांच्या घोळक्यात उभे राहून कांद्याच्या पिकाविषयी ऐकत होते. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. बागेतले दोन मित्रही आले होते.

सिन्नरहून बाळाची पणजी आली होती, नातजावयाची आजी. डोक्यावर पदर, हातांवर शिवणाचे घट्टे. साऱ्या गावाच्या गोधड्या तिनं शिवल्या आहेत असं कुणी कौतुकानं सांगत होतं. तिनं दुपटी एकेक करून बाजूला ठेवली आणि तळाचा स्वेटर बाहेर ओढला. तो उलटा केला. पाठीवरून अंगठा फिरवत खालून वर गेली आणि मध्यावर थांबली.

"इथं हात बदललाय."

आजूबाजूच्या बायका पुढे सरकल्या. आजी खुर्चीत बसल्या होत्या. मी काहीतरी सांगून वेळ निभावणार होते, एवढ्यात त्याच बोलल्या.

"हो. तिथवर माझा. मग माझा हात गेला. वरचं सगळं ह्यांनी विणलं."

"ह्यांनी म्हंजी कोनी?"

आजींनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत वर गेला आणि त्या हाताचं बोट पुरुषांच्या घोळक्यातल्या आजोबांकडे वळलं.

सगळा हॉल तिकडे बघू लागला. आजोबांच्या कानांचे शेंडे लाल झाले. ते मात्र त्या बोटाकडेच बघत होते.

"आयला, टर्नरनं सुया धरल्या," बागेतला एक मित्र म्हणाला आणि हसला.

पणजी त्याच्याकडे वळली. "हसू नगा. पन्नास वर्सं संसार केला मी. आमच्या म्हाताऱ्यानं कधी सुईत दोरा वोवून दिला नाय." मग नातीला म्हणाली, "पोरी, ते दुकानातलं झगमगीत काढ. हे पयलं घाल तिला. लय गार पडलंय."

खांद्याची सागवानी बटणं उघडली. पिवळ्या गळ्यातून बाळाचं डोकं सहज आत गेलं. दोन्ही बाह्या मनगटापुढे दोन बोटं उरल्या, आजींनी सांगितल्या होत्या तेवढ्याच, वाढत्या अंगासाठी. मी दोन महिन्यांत पहिल्यांदाच हातातली वही खाली ठेवली. हसणारा मित्र आजोबांच्या शेजारी जाऊन खालच्या आवाजात विचारत होता, आमच्या सुनेलाही मार्चमध्ये आहे, जमेल का.

बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, गुलाल उधळला आणि बाईसाहेबांनी प्यालेलं दूध स्वेटरवर ओकून टाकलं. आजींनी बसल्या जागेवरून हुकूम सोडला. कोमट पाणी घ्या, पिळू नका, आडवाच वाळवा. नवा कोट घातलेले आजोबा बाह्या वर सारून स्वेटर घेऊन गेले.

पंगतीसाठी सगळे जमले तरी त्यांचा पत्ता नव्हता, म्हणून मी गच्चीवर गेले. थंडीतलं ऊन होतं. टॉवेलवर स्वेटर पसरलेला, आणि त्याच्या शेजारी आजोबा कावळ्यांवर नजर ठेवून ताठ उभे. माझ्याआधीच चार बायका वर पोचल्या होत्या. त्यांनी विचारण्याआधीच ते वाकून पाठीची ती ओळ बोटानं दाखवत होते.

खालून, हॉलच्या दारातून, आजींनी हाक मारली. "अहो, उन्हात उलटा करून घातलाय ना? नाहीतर रंग जाईल."

आजोबा कठड्याशी गेले आणि साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उलटाच घातलाय. सगळ्यांना दिसतोय."