जावयाला न दिलेली चावी

इंगोलेकाकांकडे साधा स्टेपलर मागितला, तरी ते चष्म्यावरून बघत तीन प्रश्न विचारत, "कोनाले? कायले? कवापर्यंत?" अमरावतीच्या आमच्या कचेरीत नवा आलेला माणूस आधी हसायचा, मग वैतागायचा. मी तर पहिल्याच आठवड्यात त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

आमचं काम शेतीच्या माहितीचा शोधमंच चालवण्याचं. हिवरखेडच्या कोणी कपाशीवरच्या अळीबद्दल शोधलं, की हवामान, बियाणं, संशोधनाचे अहवाल अशा दहा ठिकाणांहून माहिती एकत्र येते. त्या प्रत्येक ठिकाणाशी जोडून घ्यायला एपीआय की लागते, म्हणजे लांबलचक अक्षरांची एक गुप्त चावी. या सगळ्या चाव्या काका सांभाळत. कामापुरती, मुदतीची चावी ते आनंदानं देत. सगळी दारं उघडणारी मुख्य चावी मात्र फक्त त्यांच्या आणि, त्यांची मदतनीस म्हणून, माझ्या हाताशी होती.

एके दिवशी अकोल्याच्या शाखेतून त्यांच्या जावयाचा, प्रशांतचा, फोन आला. तासाभरात पाहुण्यांसमोर मंच दाखवायचा होता आणि त्याच्या चावीची मुदत संपलेली.

"मामाजी, मुख्य चावीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका न पटकन."

"जावईबापू, पुरन मांगा, तूप मांगा, ते चावी मांगू नका. अर्ज टाका, लागते तेवढ्या दाराची दहा मिनिटात करून देतो."

प्रशांतनं फोन आपटला. वऱ्हाडात जावयाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. काका जेवायला गेले आणि त्यानं मला फोन केला. "ताई, तुमी तरी..." माझ्यानं नाही म्हणवेना. पाठवली.

चावी मिळाली, पण अपमान तो विसरला नाही. त्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई आलेच नाहीत. काकूंनी केलेले अनारसे काकांनी डबा भरून कचेरीत आणले. "खा बाप्पा. जावयाचे हायेत, पन जावई नाही," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी माझा अनारसा हळूच डब्यात परत ठेवला.

प्रशांतनं ती चावी शाखेच्या ग्रुपवर टाकली होती. महिन्याभरात ती कुठल्या कुठे गेली, आणि परक्यांनी आमच्या नावावर इतका डेटा उपसला, की बियाण्यांच्या संस्थेनं आमचं दारच बंद केलं. तेही ऐन फवारणीच्या दिवसांत! साहेबांसकट सगळ्यांनी एकच ताडलं, काकांनी जावयाला दिली. काका एवढंच म्हणाले, "चावी माह्या ताब्यात होती. जबाबदारी माही." मग तीन दिवस बसून त्यांनी एकूण एक चावी बदलली. मी गप्प. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला लेक-जावईही आले होते. साहेब भाषणात म्हणाले, "इंगोले आयुष्यात एकदाच चुकले, तेही जावयापायी!" सगळे हसले. काका शालीचा काठ नीट करत राहिले. ते मला बघवेना. मी उभी राहिले. "काकांनी नाही दिली. मी दिली."

"अन् मांगतली म्या," मागून प्रशांत म्हणाला.

नंतर मी पाया पडले, तेव्हा काका हळूच म्हणाले, "दार बंद झालं त्याच दिवशी मले मालूम पडलं होतं, पोरी. चावी कोनं उघडून पाह्यली, त्याची नोंद राह्यते न."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुही नोकरी नवी होती. अन् म्या म्हटलं, जावयाले नाही म्हननारा म्हनून बदनाम आहोच, आता देनारा म्हनूनही होऊन पाहू!" आणि पोट धरून हसले. मला मात्र रडू आवरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. चाव्या आता मी सांभाळते. तेरवीनंतरच्या आठवड्यात प्रशांतचा फोन आला, आवाज बसलेला. "ताई, अर्ज टाकला. हवामानाची एकच पाहिजे."

अर्ज उघडला. आमच्या अर्जात असे रकाने नाहीत, पण त्यानं आपल्या हातानं लिहिले होते. कोनाले : प्रशांतले. कायले : पावसाचा अंदाज दाखवाले. कवापर्यंत : तीन दिवस.

मी डोळे पुसले आणि दहा मिनिटांत चावी करून दिली.